ऑपेरातील परित्यक्ता: विलाप तिचा, पण बाजू कोणाची?

मंद्रसप्तक (प्रश्न)

गेले काही महिने मी युरोपीय ऑपेरा क्रमाने ऐकतो आहे आणि त्या ऐकण्यात एक स्त्री इतक्या वेळा भेटली की तिच्याविषयी इथल्या जाणकारांना विचारल्यावाचून राहवत नाही. ही स्त्री म्हणजे प्रियकराने किंवा नवऱ्याने टाकून दिलेली नायिका. थीसिअसने नॅक्सॉस बेटावर झोपेत सोडून दिलेली अरिआद्ने, इनिअसची गलबते निघून गेल्यावर चितेवर चढणारी कार्थेजची राणी डायडो, जेसनने दुसरा विवाह ठरवल्यावर पेटून उठलेली मीडिया, बेल्लिनीची नॉर्मा, मोझार्टची डोन्ना एल्विरा आणि नागासाकीच्या टेकडीवर तीन वर्षे एका जहाजाची वाट पाहणारी चो-चो-सान. नावे, देश, शतके बदलतात. रंगमंचावर मात्र मागे राहिलेली एकटी बाई उभी असते आणि संपूर्ण रचनेतले सर्वांत सुंदर संगीत तिच्याच वाट्याला आलेले असते.

माझे दोन प्रश्न आहेत. पहिला असा की, ऑपेरा हा कलाप्रकार जेमतेम दहा वर्षांचा असतानाच या स्त्रीला जो चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही, याचे कारण काय असावे? लिहिणारे पुरुष, स्वरबद्ध करणारे पुरुष, पैसे देणारे राजे आणि सरदारही पुरुषच. मग हा विलाप म्हणजे त्या स्त्रीविषयीची खरीखुरी कणव मानायची, की तिच्या दुःखाचा चवीने घेतलेला आस्वाद?

दुसरा प्रश्न इंग्रज संगीतकार पर्सेलच्या ‘डायडो अँड इनिअस’ या ऑपेराविषयी आहे. तिथे शेवटच्या भेटीत इनिअस देवाची आज्ञा मोडून थांबायला तयार होतो, आणि डायडोच त्याला घालवून देते. तो राहायला तयार असेल, तर तिला परित्यक्ता कसे म्हणायचे? आणि तिनेच त्याला घालवले असेल, तर त्यानंतरच्या तिच्या मरणाचा अर्थ काय लावायचा? या प्रसंगाने मी फार अस्वस्थ झालो आहे, म्हणून कृपया सविस्तर लिहावे.

तंतुवाद्य

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याची वाट त्यातूनच जाते.

पर्सेलचा हा ऑपेरा १६८९ च्या सुमारास लंडनजवळच्या चेल्सी येथे, जोसायस प्रीस्ट या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत झाला. संहिता नेहम टेट यांची. या संहितेत इनिअसला निघण्याचा आदेश देणारा देवदूत खोटा आहे. चेटकिणीने आपलाच एक पिशाच्च मर्क्युरीच्या रूपात पाठवलेला असतो आणि इनिअस क्षणभरही शहानिशा न करता त्याचे ऐकतो. पुढे डायडोसमोर आल्यावर तिचे अश्रू पाहून तो म्हणतो की देव रागावले तरी चालतील, मी थांबतो. त्यावर तिचे उत्तर असे आहे की, तू आता काहीही ठरवलेस तरी मला सोडून जाण्याचा विचार एकदा तुझ्या मनात येऊन गेला, एवढे मला पुरे आहे. तिच्या लेखी त्याग तिथेच पूर्ण झाला आहे. गलबताचे शीड उभारणे ही त्यानंतरची निव्वळ औपचारिकता. म्हणूनच मी तिला परित्यक्ताच म्हणेन, आणि या परंपरेतील सर्वांत स्वाभिमानी परित्यक्ता म्हणेन. जाणाऱ्याने केवळ दयेपोटी थांबणे तिला नको आहे.

आता तिच्या मृत्यूच्या आरियाकडे, म्हणजे एकल गीताकडे, येऊ. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या कानाला ही रचना सांगणे तसे सोपे आहे. आरिया जी मायनरमध्ये आहे, म्हणून जी म्हणजे आपला षड्ज धरा. तळाला वाजणारी पाच मापांची एक ओळ सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम अशी अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली उतरते आणि मग आवर्तन पुरे करून पुन्हा षड्जावर येते. या ओळीला ग्राउंड बेस म्हणतात. ती अकरा वेळा वाजते आणि एकदाही बदलत नाही. प्रथम ती एकटीच ऐकू येते, मग तिच्यावर डायडो गाऊ लागते. इथे पर्सेलचे कौशल्य बारकाईने पाहण्याजोगे आहे: डायडोची वाक्ये त्या ओळीच्या आवर्तनात नेमकी बसत नाहीत. तळाची ओळ संपते तेव्हा तिचे वाक्य मध्येच असते, आणि तिचे वाक्य पुरे होते तेव्हा खाली नवे आवर्तन सुरू झालेले असते. नियती ठरल्या वाटेने उतरत राहते आणि ही स्त्री तिच्या समेवर यायला नकार देते. ‘माझी आठवण ठेव’ हे शब्द ती प्रथम एकाच स्वरावर, पंचमावर, जवळजवळ बोलल्यासारखे म्हणते. पुढे तेच शब्द तार षड्जाला जाऊन भिडतात. तिचा आवाज थांबल्यावरही तळाची ओळ आणखी दोनदा वाजते आणि आता वरची व्हायोलिनेही अर्ध्या स्वरांनी खाली उतरू लागतात, म्हणजे आतापर्यंत तळाशी असलेले दुःख सबंध वाद्यमेळात पसरते.

लक्षात घ्या की इनिअसला या ऑपेरात एकही पूर्ण आरिया नाही. संवादाच्या चालीत चार वाक्ये बोलून तो निघून जातो. कथेचा नायक तो आहे, रोमन वंशाचा भावी मूळपुरुषही तोच आहे. पण संगीतकाराने वेळ दिला तो तिला. ऑपेरात वेळ देणे म्हणजेच बाजू घेणे, असे माझे ठाम मत आहे.

याचे मूळ १६०८ साली मांतुआच्या दरबारात सापडते. फ्रान्चेस्को गोन्झागा आणि सव्हॉयची मार्गारेट यांच्या विवाहसोहळ्यासाठी मोंतेव्हेर्दीने रिनुच्चिनीच्या संहितेवर ‘आरियाना’ (म्हणजेच अरिआद्ने) हा ऑपेरा रचला. प्रमुख भूमिकेसाठी तयार होत असलेली कातेरिना मार्तिनेल्ली ही कोवळ्या वयाची गायिका मोंतेव्हेर्दीच्याच घरी राहून शिकलेली होती. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ती देवीच्या रोगाने गेली. मोंतेव्हेर्दीची पत्नी क्लाउदिया त्याच्या आधीच्या सप्टेंबरात वारली होती. ऐनवेळी ही भूमिका व्हिर्जिनिया आंद्रेइनी या व्यावसायिक नाटक मंडळीतल्या अभिनेत्रीने केली, आणि सोहळ्याच्या समकालीन वर्णनात असे नोंदवलेले आहे की तिचा विलाप ऐकताना सभागृहातील स्त्रिया रडल्या. लग्नाच्या मांडवात टाकून दिलेल्या वधूचा विलाप, ही गोष्ट आज चमत्कारिक वाटते. पण कथेच्या अखेरीस अरिआद्नेचा विवाह बॅकस या देवाशी होतो, त्यामुळे दरबारी शिष्टाचार सांभाळला गेला. काळाने मात्र निवाडा वेगळाच केला. त्या ऑपेराचे बाकीचे सारे संगीत हरवले आणि उरला तो केवळ विलाप. मोंतेव्हेर्दीने तोच पुढे पाच आवाजांसाठी रचून १६१४ साली छापला, १६२३ साली एकल रूपात छापला, आणि म्हातारपणी त्याच स्वरांवर मुलाच्या मृत्यूने व्याकूळ झालेल्या येशूच्या आईचे, मेरीचे, लॅटिन शब्द बसवले.

त्या विलापात अरिआद्ने नुसती रडत नाही. आधी ती मरण मागते, मग थीसिअसला प्रेमाने हाका मारते, त्याने दिलेल्या वचनांची त्याला आठवण करून देते, मग अचानक वाऱ्यांना, लाटांना आणि समुद्रातल्या अजस्र प्राण्यांना त्याला गिळून टाकण्याची आज्ञा देते, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःच दचकून म्हणते की हे मी बोलले नाही, माझी व्यथा बोलली; जीभ बोलली, हृदय नव्हे. इतक्या वेगाने बदलणारे मन शब्दाशब्दाला स्वरांत धरता येते, हे दाखवण्यासाठी नव्याने जन्मलेल्या या कलेला यापेक्षा योग्य पात्र मिळाले नसते. विजयी वीर एकाच भावात असतो. टाकलेल्या स्त्रीच्या मनात सर्व भाव एकाच वेळी असतात. आपल्या पहिल्या प्रश्नाचे, निदान संगीताच्या बाजूचे, उत्तर हे आहे.

जीर्णपोथी

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु या स्त्रीचा जन्म ऑपेरात झालेला नाही आणि तिच्या साहित्यातील पूर्वायुष्याकडे पाहिले की आपल्या ‘बाजू कोणाची’ या प्रश्नाला वेगळे वळण लागते.

डायडोचेच घ्या. रोमन महाकवी व्हर्जिलच्या आधीच्या आख्यायिकेत डायडो आणि इनिअस यांची भेटच होत नाही. तिथे ती मृत पतीशी एकनिष्ठ असलेली, नगर वसवणारी राणी आहे आणि शेजारचा राजा लग्नासाठी बळजबरी करू लागतो तेव्हा ती स्वतःला संपवते. व्हर्जिलने ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात तिला इनिअसच्या वाटेवर आणले आणि परित्यक्ता केले. तिला टाकणारा पुरुष रोमच्या राजघराण्याचा मूळपुरुष असल्यामुळे कवीपुढे मोठा पेच होता: त्याला दोषी ठरवता येत नाही आणि त्याचे जाणे टाळताही येत नाही. म्हणून देव आला. मर्क्युरी येऊन आज्ञा करतो आणि इनिअस तिला सांगतो की मी इटलीला स्वेच्छेने निघालेलो नाही. लॅटिन मूळात ही ओळ वृत्ताच्या मध्यावरच तुटलेली आहे. महाकाव्यावर अखेरचा हात फिरवण्यापूर्वीच व्हर्जिलचे निधन झाले, त्यामुळे अशा अपुऱ्या ओळी त्यात इतरत्रही आहेत. तरीही नेमके हे वाक्य अपुरे राहावे, याचा परिणाम वाचकावर होतोच.

आता आपल्याकडचे उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला मुलाला घेऊन दुष्यंताच्या दरबारात येते तेव्हा राजाला सर्व काही आठवत असते. तो जाणूनबुजून तिला नाकारतो, आणि ती त्याच्याशी भर सभेत दीर्घ वाद घालते. सत्य म्हणजे काय, पत्नी म्हणजे काय, पुत्र म्हणजे काय, हे ती त्याला खडसावून सांगते. अखेर आकाशवाणी होते तेव्हा तो म्हणतो की लोकांची खात्री पटावी म्हणून मी असे वागलो. कालिदासाने हीच कथा हाती घेतली आणि दुर्वासाचा शाप व हरवलेली अंगठी आणली. राजाला विसर पडला, त्याला तो काय करणार? मर्क्युरीचे जे काम तेच दुर्वासाचे काम: नायकाच्या हातून घडलेल्या त्यागाची जबाबदारी उचलून दुसरीकडे नेऊन ठेवणे. दोन्ही कवी महान आहेत, दोघांचाही नायक राजवंशाचा आदिपुरुष आहे, आणि दोघांनाही तो निष्कलंक हवा आहे.

पण दोघांनीही स्त्रीचे तोंड बंद केलेले नाही, ही त्यांची थोरवी. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हीच मवाळ आश्रमकन्या राजाला ‘अनार्य’ म्हणते, गवताने झाकलेल्या विहिरीशी त्याची तुलना करते. आणि व्हर्जिलची डायडो सहाव्या सर्गात, मृतांच्या लोकात इनिअसला पुन्हा भेटते. तो रडत रडत समजूत घालतो, पुन्हा तेच सांगतो की मी मनाविरुद्ध गेलो. ती जमिनीकडे दृष्टी लावून दगडासारखी उभी राहते आणि एक अक्षरही न बोलता आपल्या पहिल्या पतीकडे निघून जाते. सगळे स्पष्टीकरण तिने ऐकून घेतले आणि स्वीकारले नाही. माझ्या वाचनात कोणत्याही परित्यक्तेने दिलेले याहून समर्थ उत्तर आलेले नाही.

रोमन कवी ओव्हिडने ‘हेरोइदेस’मध्ये अशा स्त्रियांची पत्रे लिहिली. त्यातील अरिआद्नेच्या पत्राचा आरंभ विसरता येत नाही. ती अर्धवट झोपेत कुशीवर वळते आणि थीसिअसला स्पर्श करण्यासाठी हात पुढे करते. तो नसतो. हात मागे घेऊन ती पुन्हा अंथरुणभर चाचपते, तरी तो नसतो. मग चंद्रप्रकाशात किनाऱ्याकडे धाव घेते आणि किनाऱ्याशिवाय तिला काहीच दिसत नाही. इथे ना देव आहे ना आज्ञा. फक्त रिकामे अंथरूण आहे. पुरुषाची कैफियत वगळून केवळ स्त्रीचे म्हणणे ऐकवायचे, हा ओव्हिडचा निर्णय होता, आणि ऑपेराच्या विलापाची खरी आजी व्हर्जिलची डायडो नसून ओव्हिडची ही पत्रे आहेत असे मला वाटते.

जाता जाता एवढेच नोंदवतो की सीतात्यागाबाबत आपल्या जात्यावरच्या ओव्यांनी कोणत्याही कवीने शोधलेली सबब मानलेली नाही. राम सीतेच्या तोलाचा नाही, तो हलक्या दिलाचा, असे तिथल्या बायका स्वच्छ म्हणतात.

मंद्रसप्तक

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. मर्क्युरी आणि दुर्वास यांची जोडी माझ्या कधीच ध्यानात आली नव्हती, आणि डायडोच्या वाक्यांचे समेवर न येणे आता प्रत्येक वेळी ऐकू येईल.

तरीही एक शंका उरतेच. संगीतकार स्त्रीला वेळ देतो हे मान्य. परंतु तो वेळ तिच्या मरणाचा असतो आणि ते मरण इतके मोहक केलेले असते की आपण ते पुन्हा पुन्हा ऐकायला जातो. ‘मादाम बटरफ्लाय’च्या शेवटी मला हे फार तीव्रतेने जाणवले. तिथे पुच्चिनी चो-चो-सानची बाजू घेतो आहे, की आपल्याला रडवण्यासाठी तिचा वापर करतो आहे?

ओसरी

आपली शंका रास्त आहे. फ्रेंच विदुषी कातरीन क्लेमां यांनी १९७९ साली नेमका हाच आरोप ऑपेरावर ठेवला: स्वरांच्या मोहिनीत आपण विसरून जातो की कथानक दर वेळी एका स्त्रीचा बळी घेऊन पुरे होते आहे. मला हा आरोप पुष्कळसा पटतो आणि बटरफ्लायच्या बाबतीत तर त्याला कथानकाच्या इतिहासातच पुरावा आहे.

जॉन लूथर लाँग या अमेरिकन लेखकाच्या १८९८ च्या मूळ कथेत चो-चो-सान मरत नाही. ती स्वतःवर शस्त्र चालवते खरे, पण मूल आणि दासी यांच्यामुळे तिचा हात थांबतो, जखम बांधली जाते, आणि दुसऱ्या दिवशी तिला टाकून गेलेल्या पिंकरटन या नौदल अधिकाऱ्याची अमेरिकन पत्नी त्या टेकडीवरच्या घरी येते तेव्हा घर रिकामे असते. म्हणजे तिथे शेवटी निघून जाते ती टाकलेली स्त्री, आणि मूलही तिच्याबरोबर जाते. डेव्हिड बेलास्कोने १९०० साली त्या कथेचे नाटक केले, त्यात तिला मारले. पुच्चिनीने ते नाटक लंडनमध्ये पाहिले आणि इलिका व जाकोझा यांच्या संहितेत तोच शेवट कायम राहिला. रिकाम्या घराने पडदा पाडता येत नाही, असे नाटकवाल्यांना वाटले असावे. मला ते रिकामे घर अधिक मोलाचे वाटते.

पुढची गोष्ट याहून बोलकी आहे. १७ फेब्रुवारी १९०४ रोजी मिलानच्या ला स्काला रंगमंदिरात पहिला प्रयोग प्रेक्षकांनी हुर्यो करून पाडला. एकाच रात्रीत तो मागे घेऊन पुच्चिनीने फेरफार केले आणि २८ मे रोजी ब्रेश्श्या येथे सुधारित प्रयोग झाला, तो गाजला. या फेरफारांत पिंकरटनला अखेरच्या अंकात पश्चात्तापाचे एक गीत मिळाले, ज्यात तो फुलांनी भरलेल्या त्या घराचा निरोप घेतो. पहिल्या आवृत्तीत हा अधिकारी जवळजवळ कोरडाच राहत होता. प्रेक्षकांना तेवढा कोरडा टेनर (उंच पुरुषी आवाजाचा नायक) सोसवला नाही. जीर्णपोथी यांनी सांगितलेला दुर्वास इथे एका मधुर चालीच्या रूपाने आला, असे मी म्हणेन. फरक इतकाच की पुच्चिनीने शाप आणला नाही. पहिल्याच अंकात पिंकरटनच्या तोंडून त्याने कबुली घेतलेली आहे की घर आणि बायको दोन्ही नऊशे नव्व्याण्णव वर्षांच्या कराराने घेतली आहेत आणि करार दर महिन्याला मोडता येतो. त्याच अंकात तो खऱ्याखुऱ्या अमेरिकन पत्नीच्या नावाने प्यालाही उचलतो. एवढे ऐकल्यानंतरचे निरोपाचे गीत कितीही गोड असले तरी त्याने डाग पुसला जात नाही.

आणि तरीही मी हा ऑपेरा टाकून देणार नाही, त्याचे कारण शेवटचा मृत्यू नसून त्याआधीची रात्र हे आहे. जहाज बंदरात आलेले आहे. चो-चो-सान, दासी सुझुकी आणि मूल कागदी भिंतीला पाडलेल्या तीन छिद्रांतून बाहेर पाहत बसतात. पडद्यामागून शब्दांवाचून, ओठ मिटून गुणगुणणारा समूहस्वर येतो. मूल झोपते, सुझुकीही पेंगते, आणि चो-चो-सान एकटी ताठ जागी राहते. या प्रसंगी रंगमंचावर कोणी गात नाही आणि कथानक तसूभरही पुढे सरकत नाही. पहिल्या प्रयोगात हा सगळा अंक अखंड होता आणि प्रेक्षकांना तो असह्य लांब वाटला. सुधारित आवृत्तीत नेमक्या इथे पडदा पाडून त्याचे दोन भाग केले गेले. माझ्या मते पुच्चिनीची मूळची इच्छा अधिक प्रामाणिक होती, कारण वाट पाहणे म्हणजे काय हे प्रेक्षकाला त्याच्या स्वतःच्या शरीराने, आसनावर अवघडून बसून कळावे, अशी ती योजना होती. मृत्यूच्या प्रसंगी तो आपल्याला रडवतो हे खरे. त्या रात्री मात्र तो आपल्याला तिच्याजवळ बसवतो.

अशा स्त्रिया नेहमी मरतातच असेही नाही. मोझार्टच्या ‘डॉन जिओव्हान्नी’मधील एल्विरा (१७८७) टाकणाऱ्याचा पाठलाग करते, त्याच्या पुढच्या शिकारीला सावध करते, आणि शेवटपर्यंत त्याला सुधारण्याची आशाही सोडत नाही. तिला अनेक दिग्दर्शक थोडी हास्यास्पद करतात, ते मला अजिबात रुचत नाही.

तंतुवाद्य

ओसरी यांच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो, कारण या चर्चेत एक परित्यक्ता अद्याप आलेलीच नाही आणि ती आल्याशिवाय चित्र अपुरे राहते. ती म्हणजे टाकून दिलेली जादूगारीण.

आरिओस्तोच्या महाकाव्यात आल्चिना ही आपल्या बेटावर वीरांना मोहात पाडणारी मायाविनी आहे आणि रुज्जेरो तिच्या प्रेमात कर्तव्य विसरलेला आहे. त्याला तिथून सोडवून नेले जाते. बारकाईने पाहिले तर प्रसंग तोच आहे: बेट, प्रेम, कर्तव्याची हाक घेऊन आलेला तिसरा कोणी, निघून जाणारा पुरुष, मागे राहिलेली स्त्री. पण स्त्रीच्या हाती सामर्थ्य असल्याबरोबर त्यागाला ‘सुटका’ म्हटले जाते आणि प्रेक्षकांनी आनंद मानावा अशी अपेक्षा असते. टेटच्या संहितेत डायडो आणि चेटकीण या दोन वेगळ्या व्यक्ती केल्या आहेत, त्याचे मर्म मला इथे दिसते. शोक एकीला दिला आणि शक्ती दुसरीला, म्हणून डायडोबद्दल निखळ करुणा वाटू शकते.

या कथेवर फ्रान्चेस्का काच्चिनी या संगीतकर्तीने १६२५ साली फ्लॉरेन्सजवळच्या एका राजवाड्यात, तिथे राज्य चालवणाऱ्या मारिया मागदालेना या ग्रँड डचेसच्या आश्रयाने ऑपेरा सादर केला. म्हणजे आपण म्हणता तसे लिहिणारे आणि पैसे देणारे सर्वच पुरुष होते असे नाही. काच्चिनीची आल्चिना आधी रुज्जेरोची विनवणी करते, आर्जवे करते, आणि तो बधत नाही तेव्हा संतापाने उसळून आपली राक्षससेना बोलावते. अरिआद्नेने जो क्रोध उच्चारून लगेच मागे घेतला, तो ही मागे घेत नाही.

हँडेलने १७३५ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये हीच कथा पुन्हा मांडली. दुसऱ्या अंकात रुज्जेरो निघून जाणार हे कळल्यावर आल्चिना आपल्या हृदयाला उद्देशून गाते. तुटक तुटक वाजणाऱ्या तंतुवाद्यांवर तिचे लांब, संथ स्वर येतात. मधल्या भागात लय एकदम बदलते आणि ती स्वतःलाच विचारते की आल्चिना अशी कण्हत का बसली आहे. मी राणी आहे, तो परत येईल किंवा मरेल. इथे रचना संपली असती तर ती सूडाची आरिया ठरली असती. परंतु त्या काळच्या दा कापो पद्धतीनुसार पहिला भाग पुन्हा गायचा असतो, म्हणून राणी पुन्हा त्याच हुंदक्यांकडे परतते. एरवी निव्वळ संकेत वाटणारी पुनरावृत्ती इथे मनोव्यापार होते: राग आला, टिकला नाही, दुःख होते तिथेच आहे. या पुनरावृत्तीत गायिकेने स्वतःच्या कल्पनेने अलंकार घालायचे असतात. मधल्या भागातला राग त्या अलंकारांत थोडा शिल्लक ठेवायचा की पूर्ण विझू द्यायचा, हे कागदावर लिहिलेले नाही. ते तिने ठरवायचे आहे. मंद्रसप्तक, आपण या आरियाची दोन वेगवेगळ्या गायिकांची ध्वनिमुद्रणे लागोपाठ ऐका आणि दुसऱ्यांदा येणाऱ्या पहिल्या भागाकडे लक्ष द्या. आपल्या शंकेचे उत्तर त्या दोघी वेगवेगळे देतील, आणि ते इथे आम्ही दिलेल्या उत्तरांपेक्षा नेमके असेल.